घरगुती निवासवाल्यांनी ऑनलाइन काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने?

सुरंगीचा_गजरा (धागाकर्ती)

नमस्कार. दापोली तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात आमचे चार खोल्यांचे निवास-न्याहारी घर आहे. सासूबाई स्वयंपाकघर सांभाळतात आणि यजमान बागायत पाहतात. आरक्षण, फोन, हिशेब आणि ज्याला आता सगळे 'डिजिटल मार्केटिंग' म्हणतात ते काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या आमच्या रिकाम्या महिन्यांत मी पर्यटन आणि विपणन या विषयांवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम नेटाने करायचे ठरवले. वीज जाई, नेटवर्क जाई, तरी चार महिन्यांत तीन अभ्यासक्रम पूर्ण झाले. त्यांतले काय उपयोगी पडले आणि काय नुसते वहीत राहिले, ते येथे लिहावे आणि इतरांचा अनुभव विचारावा, म्हणून हा धागा काढला आहे.

माझी पहिली चूक अशी झाली की मी शेवटच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला अभ्यासक्रम समाजमाध्यमांवरील सशुल्क जाहिरातींचा घेतला. तो वाईट नव्हता, पण त्यातली सगळी उदाहरणे साठ-सत्तर खोल्यांच्या हॉटेलांची होती. अनोळखी माणसाला हळूहळू ग्राहकापर्यंत कसे आणायचे हे शिकवताना ते वारंवार 'फनेल' म्हणत होते, आणि आमच्या घरी फनेल म्हणजे कॅनमधले खोबरेल बाटलीत भरायचे नरसाळे. शिकलेले करून पाहावे म्हणून आठ दिवस जाहिरात चालवली. चौकश्या पुष्कळ आल्या, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना आमचे गाव अलिबागजवळ आहे असे वाटत होते.

खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो कळायला एक रात्र जावी लागली. नकाशावरची आमची खूण घरापासून दीड किलोमीटर दूर, एका बंद पडलेल्या चिरेखाणीवर पडलेली होती. ऑक्टोबरात रात्री साडेनऊला एक कुटुंब लहान मुलांसह त्या खाणीच्या तोंडाशी जाऊन थांबले, आणि यजमानांना बॅटरी घेऊन मोटारसायकलने त्यांना आणायला जावे लागले. पैसे देऊन नवे पाहुणे शोधत होते, आणि ज्यांनी आधीच आरक्षण केले आहे त्यांना घर सापडत नव्हते.

खूण दुरुस्त करणेही वाटते तितके सोपे निघाले नाही. उपग्रहाच्या चित्रात आमचे घर दिसतच नाही, कारण कौलांवर आंब्या-फणसाची सावली आहे आणि वरून पाहिले तर नुसती हिरवी गादी दिसते. शेवटी मी बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, उभी राहिले, फोनने दाखवलेले माझे स्थान काही मिनिटे स्थिर होऊ दिले आणि तेथेच खूण टाकली. तेथला प्लस कोडही (नकाशा त्या जागेला देतो तो अक्षर-अंकांचा छोटा संकेत) उतरवून घेतला. ज्या गावांत रस्त्यांना नावे नाहीत आणि घरांचे क्रमांक फक्त ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात, तेथे तो कोड पत्त्याचे काम करतो. आता आरक्षण पक्के झाल्याच्या निरोपातच तो जातो. त्यानंतर रात्रीच्या 'ताई, आम्ही कुठे आलोय?' या फोनांचे प्रमाण अगदी नगण्य झाले.

गूगलच्या नकाशावरील व्यवसायाच्या नोंदीची पडताळणी करतानाची एक गंमतही सांगते. व्हिडिओत घराची पाटी, आजूबाजूचा रस्ता आणि घर आपल्या ताब्यात असल्याची खूण दाखवावी लागते. आमच्याकडे पाटीच नव्हती, कारण गावात आम्हाला कोण ओळखत नाही? मग गावातल्या रंगाऱ्याकडून फळी रंगवून घेतली आणि ती सुकेपर्यंत दोन दिवस थांबलो.

दुसरी दुरुस्ती छायाचित्रांची. आमचे पहिले चित्र समुद्राचे होते. समुद्र आमच्यापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, घरातून खाडी दिसते. ते चित्र काढून ओटी, न्हाणीघर, जेवणाचे ताट आणि खाडीचा बांध अशी चित्रे लावल्यावर चौकश्या किंचित कमी झाल्या, पण 'समुद्र कुठे आहे?' असे विचारत हिरमुसून ओटीवर बसणारे पाहुणे राहिले नाहीत. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता. किंवा असेल, पण तो मला माझ्या ओटीवर बसलेला दिसला नाही.

म्हणून विचारते की आपण सगळ्यांनी कोणत्या क्रमाने शिकलात? मराठीतून किंवा निदान सोप्या हिंदीतून शिकवणारे काही आहे का? आणि रोज नवे काहीतरी 'ट्रेंड' म्हणून सांगितले जाते, त्यांतले आपल्यासारख्या चार खोल्यांच्या घराला खरोखर काय लागू पडते?

कातळावरचा_मास्तर

ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पर्यटन हा विषय शिकवतो, त्यामुळे अभ्यासक्रमांविषयी जरा विस्ताराने लिहितो.

विनामूल्य साधनांमध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. त्यावर पर्यटन, आदरातिथ्य आणि विपणन या तिन्हींचे अभ्यासक्रम असतात आणि साधारणपणे जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत ते उघडतात. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना यांतले श्रेयांक (क्रेडिट) पदवीसाठी वापरता येतात, म्हणून माझे विद्यार्थी ते करतात. ज्यांचे घर हेच ज्यांचे दुकान आहे, त्यांनी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये असे माझे मत आहे. जुलैचे सत्र आपल्या पावसाळ्यात येते, हा मात्र कोकणाला आपोआप मिळालेला फायदा आहे.

दुसरा अभ्यासक्रम पर्यटन मंत्रालयाचा, 'अतुल्य भारत टुरिस्ट फॅसिलिटेटर' या नावाचा. पर्यटकांना माहिती देणे, त्यांच्याशी वागणे आणि स्थळाची ओळख करून देणे हा त्याचा गाभा आहे. गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला गड, देऊळ किंवा कातळशिल्पे (सड्यावरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे) दाखवण्याचे काम नीट करायचे असेल, तर त्यासाठी तो उपयोगी आहे. जाहिरातीची साधने शिकायची तर गूगलचे स्किलशॉप आणि मेटाचे ब्लूप्रिंट ही त्या त्या कंपन्यांची विनामूल्य शिकवणी आहे. एवढेच लक्षात ठेवावे की दुकानदाराने शिकवलेल्या स्वयंपाकात दुकानातला मसाला जरा जास्तच पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचीही ऑनलाइन अकादमी आहे. (या संघटनेचे इंग्रजी नाव जानेवारी २०२४ मध्ये बदलून 'यूएन टुरिझम' झाले, त्यामुळे जुन्या नावाने शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो.) तिचा भर धोरण आणि व्यवस्थापनावर आहे, तेव्हा आधी हातातले काम शिकावे आणि मग तिकडे वळावे.

मराठीतून मात्र सलग, क्रमाने शिकवणारे फार थोडे सापडते. यूट्यूबवर सुटे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण ते पाहताना तारीख अवश्य पाहावी. उदाहरणार्थ, गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर फुकट संकेतस्थळ तयार करता येते असे सांगणारे व्हिडिओ आजही फिरत आहेत, आणि ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आहे. 'गूगल माय बिझनेस' हे नावही २०२१ मध्ये बदलले. या विषयात तीन वर्षांपूर्वीची शिकवणी म्हणजे गेल्या वर्षीचा पापड. दिसतो तसाच, पण तळायला घेतल्यावर कळते.

क्रमाविषयी विचाराल तर मी विद्यार्थ्यांना असे सांगतो की आधी नकाशावरील नोंद, मग छायाचित्रे आणि लेखन, मग अभिप्रायांना उत्तरे, मग आरक्षणाचे वेळापत्रक, आणि सर्वांत शेवटी जाहिरात. आपण उलट्या टोकाने गेलात, पण पोहोचलात तेथेच.

लेखनाबद्दल एक निरीक्षण नोंदवतो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. आमच्याकडच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे. तो पाहायला येणारा माणूस 'कातळशिल्प' असे शोधतो, 'कातळखोदचित्र' असे शोधतो किंवा इंग्रजी नावाने 'पेट्रोग्लिफ' असे शोधतो, आणि अभ्यासक त्यांना 'जिओग्लिफ' म्हणतात. आपल्या पानावर यांतला एकच शब्द असेल तर उरलेल्या तिघांना आपण दिसणार नाही. गावाच्या नावांचेही तेच आहे. हर्णै आणि हर्णे, आंजर्ले आणि अंजर्ले, दोन्ही लिहावे. शुद्धलेखनाच्या माझ्यातल्या मास्तराला हे लिहिताना त्रास होतो, पण शोधणारा माणूस आपल्याला विचारून शोधत नाही.

देवबागचा_होडीवाला

मास्तर, अभ्यासक्रमांच्या यादीत एक गोष्ट राहिली आणि ती जिवाशी संबंधित आहे. जलक्रीडेचे काम ऑनलाइन शिकता येत नाही. होडी हाकणे, पाण्यातून माणूस बाहेर काढणे आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रत्यक्ष मिळते, आणि तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. व्हिडिओ पाहून आलेला मुलगा माझ्याकडे कामाला आला होता. त्याला जीवरक्षक जॅकेटाचे पट्टे पाहुण्याच्या अंगावर नीट आवळता येत नव्हते, पण होडीचा व्हिडिओ मात्र उत्तम काढता येत होता.

विपणनाबद्दल माझा अनुभव थोडक्यात सांगतो. आम्ही उड्या, फवारे आणि आरडाओरडा असलेले व्हिडिओ दोन वर्षे टाकले. मग एकदा भावाने सहज, पाहुण्यांना निघण्यापूर्वी सूचना देतानाचा साधा व्हिडिओ टाकला. जॅकेट कसे घालायचे, किती माणसे बसतील, लाटा वाढल्या तर पैसे परत मिळतील की नाही, असे सगळे त्यात होते. त्याला पसंत्या फार मिळाल्या नाहीत, पण त्यानंतर कुटुंबे येऊ लागली. फोनवर बहुतेक बायका बोलतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'तुमच्याकडे लहान मुलांच्या मापाचे जॅकेट आहे ना?'

तक्रारही एक आहे. आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लागते. पहाटे सगळा वाडा मिळून दोर ओढतो. एका व्हिडिओमुळे त्या वेळी गर्दी होऊ लागली आणि लोक चित्रणासाठी दोरावर पाय देऊ लागले, मधोमध उभे राहू लागले. म्हाताऱ्या तांडेलाने एकाला बाजूला व्हायला सांगितले, तर तो म्हणाला की आम्ही पैसे देऊन आलो आहोत. त्याने पैसे खोलीचे दिले होते, रापणीचे नाही. आता आम्ही जे पाहुणे पहाटे येऊ इच्छितात त्यांना आदल्या रात्री सांगतो की पाहायचे असेल तर दोराच्या बाहेरून पाहा, आणि ओढायचे असेल तर शेवटपर्यंत ओढा. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. गेल्या मोसमात नागपूरचे एक आजोबा दोन बांगडे घेऊन खोलीवर गेले, आणि त्यांच्या आनंदाचे चित्र आमच्या पानावर आजही सर्वांत वर आहे.

पुण्याचा_पाहुणा

मी व्यवसायात नाही, पाहुणा आहे. वर्षातून दोनदा कोकणात येतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

मी खोली कशी निवडतो? आधी नकाशा उघडतो, मग छायाचित्रे पाहतो, पण मालकाने टाकलेली नव्हे, पाहुण्यांनी टाकलेली. त्यानंतर सर्वांत वाईट अभिप्राय वाचतो आणि त्याला मालकाने काय उत्तर दिले आहे ते पाहतो. उत्तर नसेल तर मी पुढे जातो. भांडण असेल तरी पुढे जातो. सगळेच अभिप्राय पाच ताऱ्यांचे आणि एकाच साच्यातले असतील तर अधिक लवकर पुढे जातो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक काढले आहे, पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे माणसाने आपले नाक वापरलेले बरे.

हल्ली मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकालाही विचारतो. गेल्या वर्षी जुलैत मालवणचा तीन दिवसांचा कार्यक्रम त्याने फार सुंदर आखून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यास सांगितले. ऐन पावसाळ्यात ती होडी बंद असते, हे कोणत्याही मालवणकराने हसून सांगितले असते. आम्ही धक्क्यावर छत्र्या धरून किल्ला लांबून पाहिला. मग मी शोधून पाहिले, तर मालवणच्या बऱ्याच निवासांच्या पानांवर किल्ल्याचे वर्णन होते, १६६४ मध्ये बांधकाम सुरू झाल्याचे होते, पण होडी कोणत्या महिन्यांत चालते हे एकाही पानावर नव्हते. यंत्राने तरी कुठून वाचावे?

सुरंगीचा_गजरा

पाहुणेदादा, आपला शेवटचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आहे. 'यंत्रांना सापडण्यासाठी काय लिहावे' यावर आता स्वतंत्र अभ्यासक्रम विकले जात आहेत आणि एकाचे शुल्क माझ्या महिन्याच्या किराण्याइतके होते. आपण सांगितले ते त्याहून नेमके वाटते. आमच्या पानावर मी आता महिन्यानुसार लिहिणार आहे. कोणत्या महिन्यात कोणता मासा मिळतो, कधी मासेमारी बंद असते, आंबा खरोखर कधी हाती येतो (मार्चच्या पहिल्या आठवड्यात येऊन 'हापूस का नाही?' विचारणारे दरवर्षी असतात), आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरकडे कसे जावे, असे सगळे त्यात असेल.

वाईट अभिप्रायाचे सांगते. एकाने लिहिले की मच्छर फार, पंखा आवाज करतो. माझ्या पहिल्या मसुद्यात 'खाडीकाठी मच्छर असणारच' असे होते. यजमानांनी तो वाचून विचारले की पंखा खाडीमुळे वाजतो का? मग मी पंख्याचे बेअरिंग बदलले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि त्यानंतर उत्तर लिहिले की अमुक महिन्यात जाळ्या बसवल्या आहेत. त्याला पुष्कळ दिवस झाले, पण अजूनही फोनवर लोक म्हणतात, 'जाळ्या बसवल्यात ना, ते वाचलं आम्ही.'

वाळूतली_पावले

मी वेळासजवळची आहे. आमच्याकडे दीड दशकाहून अधिक काळ कासव महोत्सव होतो आणि त्या दिवसांत गावातली घरेच पाहुण्यांची निवासस्थाने होतात. विपणनाच्या अभ्यासक्रमांत एक वाक्य हमखास असते की ग्राहकाला अनुभवाची खात्री द्या. आमचा सगळा व्यवसाय खात्री नसलेल्या गोष्टीवर उभा आहे. ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात आणि उष्णतेनुसार ते पुढे-मागे होते. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली जाते. खाली पिल्ले असतात किंवा नुसती वाळू असते.

मी एक सशुल्क ऑनलाइन कार्यशाळा केली होती. तेथील मार्गदर्शकांनी आमच्या पानाचा मजकूर तपासून 'पिल्ले हमखास पाहा' असे शीर्षक सुचवले. मी नकार दिला. आम्ही उलट आरक्षणापूर्वीच निरोप पाठवतो की पिल्ले दिसतील असे आम्ही सांगू शकत नाही, दोन रात्री राहिलात तर टोपली चार वेळा उचलताना पाहता येईल, आणि नाही दिसली तरी खोलीचे पैसे परत मिळणार नाहीत. हा निरोप वाचून काही जण येत नाहीत. जे येतात ते दोन रात्री राहतात, कारण हिशेब त्यांना पटतो. पूर्वी बहुतेक पाहुणे एकच रात्र राहत. म्हणजे खात्री न दिल्याने आमच्या राहण्याच्या रात्री वाढल्या, आणि हे मी कोणत्या अभ्यासक्रमाच्या कोणत्या प्रकरणात घालावे ते मला ठाऊक नाही.

देवगडचा_कॅमेरा

मी छोटे व्हिडिओ करून देतो. बावीस वर्षांचा आहे, त्यामुळे येथे सर्वांत लहान असेन. छोट्या व्हिडिओंना येथे बराच मार बसला, तेव्हा त्यांची बाजू मांडतो.

छोटा व्हिडिओ अनोळखी माणसापर्यंत पोहोचतो, हे त्याचे बळ आहे. आमच्या भागात येणारे बरेच तरुण पाहुणे सांगतात की व्हिडिओ पाहून आलो. पण त्याने खोली भरत नाही, नाव कळते. व्हिडिओ पाहिलेला माणूस पुढे नकाशावर नाव टाकतो आणि तेथे काय दिसते त्यावर ठरवतो. म्हणून मी हल्ली व्हिडिओचे काम घेण्यापूर्वी मालकाला नकाशावरील नोंद दाखवा म्हणतो. ती अर्धवट असेल तर आधी ती करून देतो. त्याचे पैसे लोक द्यायला कुरकुर करतात, कारण त्यात संगीत नसते.

शिकण्याबद्दल सांगायचे तर मी कोणताही मोठा अभ्यासक्रम केला नाही. चित्रण, संकलन आणि आवाज हे यूट्यूबवर शिकलो. ज्याचा पश्चात्ताप होतो ते म्हणजे नियम उशिरा वाचले. फुकट राहून किंवा पैसे घेऊन शिफारस केली तर ते व्हिडिओतच स्पष्ट सांगावे लागते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांत फुकट मुक्कामही धरला आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शहरातून 'दोन रात्री फुकट द्या, व्हिडिओ करतो' असे निरोप आपल्या सर्वांना येतात. त्यांना एवढेच विचारा की सशुल्क भागीदारीची पट्टी लावणार का? अर्धे तेथेच गळतात.

खाडीपल्याडचा_भाऊ

सर्वांचे वाचले. मी हा व्यवसाय वीस वर्षे करतो आहे आणि माझ्या मते आपण सगळे नव्या पाहुण्यांबद्दलच बोलत आहात. जरा आकडे मांडू. समजा खोलीचे भाडे २,५०० रुपये आहे आणि आरक्षणाच्या संकेतस्थळाचे कमिशन वीस टक्के आहे. म्हणजे ५०० रुपये गेले, त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटीचे ९० रुपये गेले, आपल्या हाती १,९१० रुपये आले. तोच पाहुणा पुढच्या वर्षी थेट फोन करून आला तर ५९० रुपये वाचले, आणि ते मी त्याच्या ताटात सुरमईच्या रूपाने वाढू शकतो. संकेतस्थळे वाईट आहेत असे मी म्हणत नाही, ती पहिल्या भेटीची दलाली आहे. दुसऱ्या भेटीचीही दलाली देत असू तर चूक आपली.

यासाठी मी एकच साधन शिकलो, व्हॉट्सॲप बिझनेस. मुलीने दोन दुपारी बसून शिकवले. पाहुण्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावता येतात. 'मासे खाणारे', 'मे महिना', 'आजी-आजोबा सोबत' अशा माझ्या चिठ्ठ्या आहेत. एक बारकावा मात्र मला फार उशिरा कळला. आपण यादीने पाठवलेला सामूहिक निरोप ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो. मी वर्षभर निरोप पाठवत होतो आणि ते कोणाला पोहोचतच नव्हते. आता पाहुणे निघताना त्यांचे ओटीवरचे चित्र काढतो आणि म्हणतो, क्रमांक जतन करा, लगेच पाठवतो. वर्षातून तीनच निरोप पाठवतो: आंबा सुरू झाला, गणपतीनंतर खोल्या उघडल्या, आणि डिसेंबरची आरक्षणे सुरू झाली. चौथा पाठवला की लोक आपल्याला बंद करतात.

कातळावरचा_मास्तर

भाऊंचा हिशेब मी वर्गात वापरणार आहे, हरकत नसावी. एक भर घालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातील पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग (स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला, त्यांत गुहागर आणि लाडघर आहेत. त्याच वर्षी जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत आपल्या किनारपट्टीवरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. हे शब्द लोक आता शोधत आहेत, म्हणून ते पानावर असावेत. पण मी परवाच पाहिले की लाडघरपासून बऱ्याच लांबच्या एका निवासाने 'ब्लू फ्लॅग किनाऱ्यावर' असे लिहिले आहे. 'ब्लू फ्लॅग किनाऱ्यापासून गाडीने इतकी मिनिटे' असे लिहिले तर शोधातही दिसते आणि पाहुणाही चिडत नाही. ताईंच्या समुद्राच्या चित्राचीच ही गोष्ट आहे.

देवबागचा_होडीवाला

ताई, एक व्यावहारिक शंका आहे. पावसाळ्यात आमच्या होड्या बंद असतात. नकाशावर 'तात्पुरते बंद' करावे की तसेच ठेवावे? गेल्या वर्षी भावाने घाईत 'कायमचे बंद' दाबले आणि गणपतीपर्यंत आमच्या लक्षात आले नाही.

सुरंगीचा_गजरा

दादा, 'कायमचे बंद' कधीही दाबू नका. होड्या आणि खोल्या दोन्ही एकाच नोंदीत असतील आणि खोल्या पावसाळ्यात चालू असतील, तर नोंद चालूच ठेवा आणि वर्णनात लिहा की जलक्रीडा जून ते ऑगस्ट बंद, मुक्काम चालू. फक्त होड्याच असतील तर 'तात्पुरते बंद' करा, आणि पुन्हा उघडण्याची आठवण फोनच्या दिनदर्शिकेत आजच घालून ठेवा. मी आमच्या पानावर महिन्यांचा तक्ता करायला घेतला आहे. किल्ल्याच्या होडीच्या ओळीत काय लिहावे ते आपण सांगितलेत तर मालवणला पुढे जाणाऱ्या पाहुण्यांसाठी मी ते तसेच उतरवीन. सासूबाईंनी माशांचा रकाना भरून दिला आहे, पण त्यांनी श्रावणापुढे 'काही नाही, कुळथाची पिठी' असे लिहिले आहे आणि ते मी बदलणार नाही.